बागेतली जुनी मिनी ट्रेन: सफाई आणि देखभाल कोणत्या क्रमाने करावी

बागेत किंवा मनोरंजन पार्कात पंचवीस-तीस वर्षे धावलेल्या छोट्या गाडीची देखभाल बहुतेक ठिकाणी उलट्या क्रमाने होते. सुट्ट्या जवळ आल्या की आधी रंगाचे डबे येतात. डबे धुऊन चकाचक होतात, इंजिनाला नवे डोळे रंगवले जातात आणि रुळांवरूनही काळा रंग फिरवला जातो. गाडी डुलतेय, डबे जोडणारे कपलिंग आवाज करतेय, हे उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी लक्षात येते. तोवर दोष कुठे आहे ते सांगणाऱ्या सगळ्या खुणा पाण्याने धुतल्या गेलेल्या असतात, नाहीतर रंगाखाली गेलेल्या असतात.

हा लेख अशा रुळांवरच्या गाड्यांसाठी आहे, मग त्या डिझेलवर चालणाऱ्या असोत किंवा बॅटरीवर. पुण्याच्या पेशवे उद्यानातली फुलराणी १९५६ मध्ये सुरू झाली. त्या जातीच्या गाड्या आज राज्यातल्या किती तरी उद्यानांत, तलावांकाठी आणि खासगी पार्कांत आहेत. त्यांची निगा राखणारे बहुधा उद्यान विभागाचे पर्यवेक्षक, कंत्राटदाराचा फिटर आणि गाडी चालवणारा, एवढेच असतात. लेख त्यांच्यासाठीच लिहिला आहे. क्रम असा: आधी कोरडी पाहणी, मग पाण्याचा निचरा, मग धुणे, मग मोजमाप आणि दुरुस्ती, आणि सगळ्यात शेवटी रंग.

१. वेळ आणि माणसे आधी ठरवा

सर्वात जास्त गर्दी मे महिन्यात असते आणि पावसाळ्यापूर्वीची कामेही मे महिन्यातच ढकलली जातात. इथेच गाडी अडते. मोठे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा. दुसरे, जरा लहान काम पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या सुट्टीआधी करा. मार्चअखेरीस बिले काढण्याची घाई असते, म्हणून खरेदीचे आदेश जानेवारीतच निघाले पाहिजेत. ब्रेक ब्लॉक, बेअरिंग, फिशप्लेटचे (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचे) बोल्ट असे सुटे भाग जुन्या गाड्यांसाठी तयार मिळत नाहीत. नमुना देऊन बनवून घ्यावे लागतात आणि त्यात तीन-चार आठवडे सहज जातात.

माणसे किमान चार हवीत: एक फिटर, एक रुळाचे काम केलेला माणूस, एक मदतनीस आणि गाडीचा चालक. चालकाला वगळू नका. कोणत्या वळणावर हादरा बसतो, कोणत्या डब्याचा ब्रेक उशिरा लागतो, हे कुठल्याही नोंदवहीपेक्षा त्याला जास्त ठाऊक असते. रेल्वेत कीमन किंवा गँगमन म्हणून रुळांचे काम केलेला निवृत्त माणूस गावात असेल तर दोन दिवस त्याला बोलवाच.

सामान: टॉर्च, अर्धा किलोची हातोडी, वायर ब्रश, स्टीलची मोजपट्टी, लेव्हल, तीन मीटर दोरी, पांढरा रंग आणि बारीक ब्रश, चुना, रुंद पेचकस, चाकांना लावायचे लाकडी ठोकळे. शिवाय गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, तपासायची गेज पट्टी लागते. ती फिटरकडून बनवून घ्या. एका सरळ लोखंडी पट्टीला दोन थांबे वेल्ड करायचे. त्यांच्यातले अंतर मूळ गेजइतके, म्हणजे दोन फुटी गेज असेल तर ६१० मिलिमीटर ठेवायचे.

> थांबा: कोणीही गाडीखाली जाण्याआधी इंजिनाची किल्ली काढून पाहणी करणाऱ्याच्या खिशात गेली पाहिजे. बॅटरीची तार सोडवा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि "काम चालू आहे" ही पाटी इंजिनावर टांगा. यातली एकही गोष्ट राहिली असेल तर काम सुरू करू नका.

२. रुळांना क्रमांक द्या

"तलावाजवळच्या वळणावर जरा खटका आहे" या तक्रारीवर काम करता येत नाही, कारण पुढच्या वर्षी तलावाजवळचे कोणते वळण ते कोणालाच आठवत नाही. फलाटापासून गाडी जाते त्या दिशेने प्रत्येक रूळजोडाला क्रमांक द्या. तो रुळाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने लिहा: १, २, ३... डब्यांना आणि प्रत्येक चाकालाही क्रमांक द्या. मग साधी वही घ्या. एका पानावर एक जोड, त्याखाली तारीख, मोजमाप आणि काय केले ते. फोनवर फोटो काढताना क्रमांक चौकटीत आला पाहिजे.

एवढ्या कामाला अर्धा दिवस पुरतो, आणि पुढची सगळी कामे याच क्रमांकांवर चालतात.

३. कोरडी पाहणी: अजून काहीच धुऊ नका

या टप्प्याला दिवसभराचा वेळ द्या. मळ, गंज, तेल, काळी भुकटी हे सगळे गाडीने स्वतः लिहून ठेवलेले असते. ते वाचून झाल्यावरच पुसायचे.

*बोल्टाखालून उतरलेला तांबूस ओघळ.* बोल्ट सैल आहे, किंवा आत पाणी जाऊन त्याची मान झिजते आहे. घट्ट बसलेल्या बोल्टाभोवती गंज सगळीकडून सारखा असतो. ओघळ एका बाजूने आला असेल तर तो बोल्ट हलतो आहे.

*फिशप्लेटच्या कडेला विटकरी भुकटी.* दोन लोखंडी भाग एकमेकांवर घासत आहेत. नुसता पाना फिरवून भागणार नाही. फिशप्लेट उघडून आतला पृष्ठभाग पाहावा लागेल.

*एकाच चाकाजवळ काळ्या भुकटीचा थर.* त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही, ब्लॉक सतत घासतो आहे. उलट एखाद्या चाकावर भुकटी मुळीच नसेल, तर तिथला ब्रेक लागतच नाही. दोन्ही वाईट आहेत. दुसरे जास्त वाईट, कारण त्याचा आवाज येत नाही.

*चाकाच्या तोंडावर पंख्यासारखे उडालेले ग्रीस.* बेअरिंगचे सील गेले आहे. वरून आणखी ग्रीस भरले तर तेही तसेच बाहेर फेकले जाईल.

*रुळाच्या आतल्या कडेला आरशासारखा चकाकणारा पट्टा.* तिथे चाकाची फ्लँज, म्हणजे आतली उंच कड, सतत घासते. बाहेरच्या रुळावर वळणात थोडी चमक असणे स्वाभाविक आहे. सरळ मार्गावर एकाच बाजूला चमक दिसली तर रूळ सरकला आहे किंवा एखादा अॅक्सल (दोन चाकांना जोडणारा दांडा) तिरका बसला आहे.

*खडीतून वर आलेला चिखल.* स्लीपरखाली, म्हणजे रुळांखालच्या आडव्या आधाराखाली, पोकळी झाली आहे. गाडी गेली की स्लीपर दबतो आणि खालचे पाणी मातीसकट वर उपसले जाते. असे ठिकाण उन्हाळ्यात राखाडी सुकलेल्या डागासारखे दिसते. धुतले की पुढच्या पावसापर्यंत ओळखू येत नाही.

यानंतर हातोडी घेऊन रुळाच्या कडेने चाला. प्रत्येक बोल्टावर, क्लिपवर आणि फिशप्लेटवर हलका ठोका द्या. घट्ट भाग खणखणीत वाजतो, सैल किंवा तडा गेलेला भाग बद्द वाजतो. पहिले वीस-पंचवीस ठोके नुसते ऐका, मग कानाला फरक कळू लागतो. लाकडी स्लीपर असतील तर रुळाशेजारी पेचकस टोचून पाहा. टोक सहज आत गेले तर वरून धड दिसणारा स्लीपर आतून कुजलेला आहे. लोखंडी चॅनेलचे स्लीपर असतील तर मातीत गाडलेली टोके उकरून बघा. उघड्यावरचा भाग टिकतो आणि मातीला लागून असलेला भाग पोखरला जातो.

शेवटी मोकळी गाडी पायी चालण्याच्या वेगाने एक फेरी फिरवा. एक माणूस शेजारून चालत राहील आणि प्रत्येक जोडाकडे बघेल. चाक जोडावरून जाताना दोन्ही रुळांची टोके एकदम दबतात, की एक दबते आणि एक वरच राहते? जिथे फरक दिसेल तिथे चुन्याने खूण करा.

> तपासा: पाहणी संपली तेव्हा वहीत किती नोंदी आहेत? जुन्या मार्गावर दिवसभर फिरून दोन-तीनच दोष सापडले असतील, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाला तोच मार्ग पाहायला सांगा.

४. पाण्याची वाट मोकळी करा

रूळ दुरुस्त करून झाल्यावर गटार काढणे ही नेहमीची चूक आहे. खाली पाणी साचत असेल तर वर केलेले पॅकिंग (स्लीपरखाली ठासलेली खडी) एका पावसात बसते. नेरळ-माथेरानच्या दोन फुटी मार्गाचे २०१९ च्या पावसात मोठे नुकसान झाले आणि पूर्ण मार्गावर गाडी पुन्हा धावायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. बागेतला मार्ग सपाट आणि छोटा असतो, तरी पाणी तसेच वागते.

मार्गाच्या दोन्ही बाजूंची चर मोकळी करा. चरीचा तळ स्लीपरच्या तळापेक्षा खाली असला पाहिजे, नाहीतर ती चर नुसती दिखाऊ आहे. बागेत आणखी एक गोष्ट घडते, जी रेल्वेत घडत नाही: हिरवळीला आणि फुलझाडांना रोज पाणी दिले जाते. स्प्रिंक्लरचा फवारा रुळांवर पडत असेल तर तुमच्या रुळांना बाराही महिने पावसाळा आहे. माळ्याशी बोला, तोटीची दिशा बदलून घ्या. झाडाच्या आळ्यातले पाणी मार्गाकडे फुटत असेल तर आळे बांधून घ्या.

खडीत साचलेली पाने, माती, वेफर्सची पाकिटे, बाटल्यांची झाकणे हाताने आणि दाताळ्याने काढा. खडी मातीने पूर्ण भरली असेल तर ती बाहेर काढून, चाळणीवर टाकून, माती वेगळी करून परत घाला. नवी खडी मातकट खडीवर ओतू नका. वरून छान दिसते, पण खाली पाणी तसेच अडून राहते. दाताळे घालण्याआधी काठीने खडी हलवा. ऊबदार, कोरड्या खडीत साप आणि विंचू असतात. हातमोजे आणि बूट घातलेच पाहिजेत.

पिंपळ आणि वडाची रोपे पुलाच्या भिंतीत किंवा बोगद्याच्या दगडांत रुजलेली असतील तर नुसती छाटू नका. वरून छाटले की मूळ आत जाड होत जाते. रोप लहान असतानाच मुळासकट काढा आणि भेग चुना-सिमेंटने बुजवा. मूळ मनगटाएवढे झाले असेल तर ते स्थापत्य अभियंत्याचे काम आहे. ओढून काढायला गेलात तर भिंत सुटेल.

५. आता धुवा

सगळ्यात जास्त नुकसान या टप्प्यावर होते आणि ते करणाऱ्याला आपण चांगले काम करतोय असे वाटत असते.

प्रेशर वॉशर डब्याच्या बाहेरच्या अंगाला वापरा. चाकांची बेअरिंग, मोटर, बॅटरीचा खोका, वायरिंगचे जोड यांच्यावर त्याची धार कधीच मारू नका. ती धार सीलच्या आत शिरते, ग्रीस बाहेर काढते आणि पाणी आत ठेवते. दोन-तीन महिन्यांनी बेअरिंग ओरडू लागते, तेव्हा धुण्याची आठवण कोणालाच नसते. चाके आणि खालचा सांगाडा आधी वायर ब्रशने आणि खरवडून कोरडाच साफ करा. मग डिझेलने ओला केलेल्या फडक्याने पुसा. ती फडकी झाकणाच्या डब्यात ठेवा, आगीपासून लांब.

फायबरच्या डब्यांना भांडी घासायच्या सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. अॅसिड नको, कॉस्टिक नको, काथ्या नको. फायबरचा वरचा चकचकीत थर उन्हाने आधीच पांढुरका झालेला असतो. तो घासून काढला तर खालची काचेची तंतू उघडी पडतात आणि मुलांच्या हातांना खाज सुटते. हात फिरवून बघा. खरखर लागली तर ती जागा पाणी लावून बारीक पॉलिशपेपरने घासा आणि तिच्यावर जेलकोट (फायबरचा तो चकचकीत थर) किंवा रंगाचा थर द्या. नुसता पांढुरकेपणा असेल तर गाड्यांचे रबिंग कंपाउंड आणि वरून वॅक्स लावा, बराच रंग परत येतो.

खिडक्यांना पारदर्शक प्लॅस्टिकच्या शीट असतील तर थिनर आणि पेट्रोल यांना बंदी. शीटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात आणि पुढे तिथूनच ती फुटते.

आसने, कड्या, दांडे यांना आधी साबणाचे पाणी, मग स्वच्छ पाणी. निर्जंतुक करायचे असेल तर ते यानंतर, मळावर नाही. ब्लीचिंग पावडरचे पाणी लोखंडाला गंजवते. ते फलाटाच्या फरशीपुरते ठेवा आणि रुळांकडे वाहू देऊ नका.

> थांबा: ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच आणि स्वच्छतागृहाचे अॅसिड एका बादलीत, एका फरशीवर किंवा एकामागोमाग वापरू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो. बोगद्यासारख्या बंद जागेत तो जिवावर बेततो.

बॅटरीची गाडी असेल तर टर्मिनलवरची पांढरी-हिरवट पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने काढा. झाकणे घट्ट बंद असू द्या. सोडा आत गेला तर सेल खराब होतो. कोरडे करून व्हॅसलिनचा पातळ थर द्या. सेलमध्ये फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. चार्जिंगची खोली हवेशीर हवी, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. त्या खोलीत रंगाचे आणि थिनरचे डबे ठेवायची सवय आजच मोडा.

६. रूळ मोजा आणि दुरुस्त करा

गेज पट्टी दर दोन मीटरवर आणि वळणात दर मीटरवर टाका. प्रत्येक आकडा वहीत लिहा. किती फरक चालेल? गाडी बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा असेल तर तीच धरा. कागद हरवले असतील तर अभियंत्याकडून मर्यादा ठरवून लिहून घ्या, अंदाजाने चालवू नका. आज हाताने करता येईल अशी एक परीक्षा आहे. जिथे गेज सर्वात जास्त भरले तिथे मोकळा डबा उभा करा, पहारीने चाके पूर्ण एका बाजूला सरकवा आणि दुसऱ्या बाजूचे चाक रुळाच्या माथ्यावर किती टेकले आहे ते पाहा. ते जेमतेम कडेवर राहत असेल तर गाडी त्याच क्षणी बंद करा.

वळणासाठी दोरी वापरा. तीन मीटर दोरी बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला दोन टोकांना ताणून धरा आणि मधोमध दोरी व रूळ यांतले अंतर मोजा. १५ मीटर त्रिज्येच्या वळणात ते ७५ मिलिमीटर येते. नेमका आकडा महत्त्वाचा नाही. दीड-दीड मीटर पुढे सरकत घेतलेले आकडे एकसारखे आले पाहिजेत. ७२, ७५, ७४ असे आले तर ठीक. ७०, ७५, १०५, ५० असे आले तर तिथे रूळ कोनात वाकला आहे, आणि चालक सांगतो तो खटका तिथेच आहे. लेव्हल दोन्ही रुळांवर आडवी ठेवून उंचीतला फरकही लिहा. थोड्या अंतरात एक बाजू वर आणि लगेच दुसरी बाजू वर, अशी पीळ असलेली जागा सर्वात आधी दुरुस्त करा. छोट्या, हलक्या गाडीचे चाक तिथेच उचलले जाते.

आता जोड. सहा मीटरचा रूळ तापमान ४० अंशांनी वाढले की जवळजवळ ३ मिलिमीटर लांबतो. विदर्भात, मराठवाड्यात हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातली तापलेली दुपार यांत रुळाच्या तापमानाचा फरक याहूनही जास्त असतो. जोडातली फट त्यासाठीच ठेवलेली असते. खटखट थांबावी म्हणून जोड वेल्ड करून टाकणे ही मी सर्वात जास्त वेळा पाहिलेली आणि सर्वात महागात पडणारी चूक आहे. पहिल्याच उन्हाळ्यात वळण बाहेर ढकलले जाते. शिवाय साध्या वेल्डिंग रॉडने, आधी न तापवता केलेले वेल्ड रुळाच्या कडक पोलादाला ठिसूळ करते आणि तडा वेल्डच्या शेजारून जातो. खटखट जास्त होत असेल तर खालचे पॅकिंग बसले आहे, किंवा फिशप्लेट झिजली आहे. इलाज त्यांवर करा.

फिशप्लेट उघडा, खरवडा, तडा पाहा, ग्रॅफाइट ग्रीस लावून परत बसवा. बोल्ट घट्ट झाल्यावर नट आणि प्लेटवरून एकच पांढरी रेघ ओढा. रेघ तुटली की नट फिरला, हे रोज चालता चालता दिसते.

पॅकिंग करताना फक्त बसलेला स्लीपर उचलू नका. त्याच्या पुढचे-मागचे दोन-तीन स्लीपरही धरा, नाहीतर खड्डा शेजारी सरकतो.

७. चाके, ब्रेक, कपलिंग

डबा उचलून प्रत्येक चाक हाताने फिरवा. खरखर, अडखळणे, वर-खाली खेळ असेल तर बेअरिंग बदला. एका अॅक्सलवरच्या दोन चाकांमधले आतले अंतर तीन ठिकाणी मोजा, दर वेळी चाक एक तृतीयांश फिरवून. तिन्ही आकडे सारखे हवेत. नसतील तर अॅक्सल वाकला आहे किंवा चाक त्यावर सरकले आहे. इथेही अॅक्सल आणि चाक यांच्यावरून पांढरी रेघ ओढून ठेवा. फ्लँज झिजून सुरीसारखी पातळ झाली असेल तर चाक बाद. वेल्डिंग भरून घासून वापरायचा मोह होतो. तो टाळा.

तडे शोधायला डाय पेनिट्रंटचे तीन डबे मिळतात: साफ करायचा, लाल आणि पांढरा. लाल फवारा मारून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, पुसायचे, पांढरा मारायचा. तडा असेल तर लाल रेघ उमटते. जवळ काहीच नसेल तर जुनी पद्धत आहे: रॉकेल लावा, थोड्या वेळाने कोरडे पुसा, वरून खडू घासा. तड्यातले रॉकेल खडूवर ओली रेघ काढते. कपलिंगची पिन, हुक, अॅक्सलची टोके आणि सांगाड्याचे जुने वेल्ड यांना ही परीक्षा वर्षातून एकदा तरी हवीच.

कपलिंगबरोबर सुरक्षा साखळी असते, ती स्वतंत्र कड्याला अडकवलेली हवी. बऱ्याच ठिकाणी साखळी आणि पिन एकाच कानाला लावलेली असतात. तो कान तुटला की दोन्ही एकदम जातात.

दारांच्या कड्या, साखळ्या, खिडक्यांचे आडवे दांडे यांना "किरकोळ कामे" या यादीत टाकू नका. जून २०२४ मध्ये चंदिगडच्या एका मॉलमध्ये टॉय ट्रेनचा डबा उलटून अकरा वर्षांचा मुलगा दगावला. ती गाडी रुळांवरची नव्हती, पण वळणावरचा वेग आणि खिडकीतून बाहेर झुकलेले मूल हे दोन प्रश्न आपल्या गाडीलाही तितकेच लागू आहेत.

८. गंज काढा, मग रंग

इथपर्यंतची दुरुस्ती वहीत "पूर्ण" अशी लिहिली गेली असेल तरच रंगाचे डबे उघडा. गंजावर दिलेला रंग पापुद्र्यासारखा सुटतो आणि सुटेपर्यंत आतला गंज लपवतो. एका उद्यानात मी स्वतः ताज्या काळ्या रंगाखाली दोन तुकडे झालेली फिशप्लेट पाहिली आहे. रंग दोन्ही तुकड्यांवरून अखंड फिरवलेला होता.

जुना रंग खरवडताना सावध राहा. घरगुती रंगांतल्या शिशाची ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचे पिवळे, लाल, हिरवे थर शिसेयुक्त असू शकतात, असे धरूनच चला. ते कोरडे घासू नका. पाणी लावून घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, खाली ताडपत्री अंथरा, चुरा गोळा करून वेगळा बांधा. हे काम मुले येतात त्या वेळेत आणि खेळणी आहेत त्या जागेत करायचे नाही.

मग प्राइमर, पूर्ण वाळू द्या, मग दोन हात रंग. रुळाचा माथा, आतली कड, चाकाचा टेकणारा भाग, ब्रेक ब्लॉक, बोल्टांचे आटे आणि क्रमांक यांना रंग लागता कामा नये. दमट हवेत, म्हणजे कोकणात जवळजवळ वर्षभर, सकाळी दव वाळल्याशिवाय ब्रश उचलू नका.

९. फलाट, कुंपण, बोगदा

फलाटाच्या कडेवरचे शेवाळ पावसाळ्यात दर आठवड्याला काढा. आधी कोरडे खरवडा, मग ब्रश. फलाट आणि डब्याच्या पायरीतली फट मोजा. पॅकिंग केल्यानंतर गाडी थोडी वर येते आणि ही फट बदलते.

झाडांच्या फांद्या तपासायला मागच्या डब्याला बांबूची चौकट बांधा, प्रौढ माणसाचा हात खिडकीबाहेर जितका जाईल तितकी रुंद. हळू फेरी मारा. चौकट जिथे लागेल तिथे छाटणी, किंवा त्या बाजूची खिडकी बंद. बोगद्यात मधमाश्यांचे पोळे असेल तर धूर करू नका, माहितगार माणसाला बोलवा आणि तोवर गाडी बंद ठेवा.

१०. वजन ठेवून चाचणी

मोकळी गाडी नीट चालली म्हणून तिकिटे विकायला सुरुवात करू नका. रविवारी मुलांबरोबर आई-बाबाही बसतात. बारा आसनांच्या डब्याला माणशी ७५ किलो धरले तर ९०० किलो होतात, म्हणजे ५० किलोच्या वाळूच्या १८ गोण्या. आधी चौथाई भार, मग अर्धा, मग पूर्ण. प्रत्येक भाराला तीन फेऱ्या. गाडीत फक्त चालक असेल.

चुन्याची रेघ मारून ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबते ते मोजा: सपाटीवर, उतारावर आणि रूळ ओले करून. वेग ताशी ८ किलोमीटरवरून १२ केला की थांबायचे अंतर साधारण सव्वादोन पट होते. फेऱ्या वाढवण्यासाठी चालकावर वेगाचा दबाव आणणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा दाखवा. ओल्या पानांवर हे अंतर आणखी वाढते. म्हणून पानगळीच्या दिवसांत उतारावरचे रूळ दर फेरीआधी झाडायचे.

> तपासा: चाचणीनंतर सगळ्या पांढऱ्या रेघा पुन्हा बघा. एकही तुटली असेल तर तो भाग उघडा, दुरुस्त करा आणि पूर्ण भाराची चाचणी परत घ्या.

मनोरंजन राइड्सच्या सुरक्षेसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५४७५ हे मानक आहे. कंत्राटाच्या अटींत त्याचा उल्लेख करा आणि बाहेरच्या अभियंत्याच्या तपासणीची तारीख त्यात लिहून टाका.

रोज सकाळी, दार उघडण्याआधी

चालक आणि मदतनीस दोघांनी मिळून पूर्ण मार्ग पायी चालायचा. हातात झाडू आणि हातोडी. पांढऱ्या रेघा, पडलेल्या फांद्या, रुळावर मुलांनी ठेवलेले दगड बघायचे. कपलिंगच्या पिना आणि साखळ्या हाताने ओढून पाहायच्या. दोन मोकळ्या फेऱ्या, दुसऱ्या फेरीत एकदा जोरात ब्रेक. वहीत वेळ आणि दोघांच्या सह्या.

रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर या फेऱ्यांआधी चिखल वर आलेल्या जुन्या जागा वहीतून काढून त्या आधी बघायच्या. तिथे पाणी उभे असेल तर ते उतरून स्लीपर ठोकून पाहेपर्यंत तिकीट खिडकी बंद. "गाडी आज दुपारनंतर" अशी पाटी फलाटावर तयार ठेवा, म्हणजे ती लावायला कोणाच्या परवानगीसाठी थांबावे लागणार नाही.